फियाटच्या मागची लाल बत्ती

शनिवार, १३ डिसेंबर १९९७

चौतीस वर्षं मी गार्डच्या डब्यात बसून जर्नल लिहिलं. गाडी किती वाजता सुटली, कुठे थांबली, किती मिनिटं आणि का. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं काहीच लिहिलं नाही, कारण उशीर झाला तरी कुणाला जाब द्यायचा नव्हता. आज पुन्हा वही काढली. काल जे झालं ते कुठेतरी लिहून ठेवलं नाही तर माझं डोकं फिरेल.

काल ग्वाल्हेरकडे जाणारी गाडी झाशीला सहा तास दहा मिनिटं उशिरा आली. कारण: धुकं. ऑगस्टात माझ्या बायकोच्या, अनुसूयाच्या, दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ग्वाल्हेरला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं. मशीनवरची वेळ दहाची. आम्ही पोचलो पावणेतीनला आणि तिची वेळ दुसऱ्याला गेली होती. डॉक्टर म्हणाले, लागोपाठ दोन चुकल्या तर मी जबाबदार नाही. मी म्हटलं, जबाबदार तर मी आहे, तुम्ही फक्त मशीन द्या. दिलं नाही. तसेच परत आलो.

ज्या रेल्वेचं मीठ खाल्लं तिनंच असा दगा द्यावा. पण रुळांना शिव्या देऊन धुकं हटत नाही. ग्वाल्हेरला खोली घेऊन राहू, हे मी दिवाळीतच सुचवलं होतं. अनुसूया म्हणाली, परक्याच्या खोलीत मला नाही राहायचं, मला माझ्या घरी असू द्या. टॅक्सीवाले धुक्यात पहाटे निघायला तयार नाहीत.

संध्याकाळी आबासाहेब आले. हे अनुसूयाचे थोरले भाऊ, त्यांचं घराणं पेशव्यांच्या फौजेबरोबर इथे आलं ते आलंच. त्यांनी किल्ली पुढ्यात ठेवली. "विश्वंभरराव, माझी फियाट दोन साल उभीच आहे. घेऊन जा. बॅटरी बदला बस. रेल्वेच्या भरोशावर माझ्या बहिणीला घालवू नका."

बोलणं टोचलं. किल्ली घेतली.

रविवार, १४ डिसेंबर

पहाटे तिला धाप लागली. आडवंच होता येईना. इथल्या दवाखान्यात दिवसभर ऑक्सिजन. पाय लोडासारखे सुजलेत. मी नुसता येरझारा घालत होतो. इतका घाबरलो नव्हतो मी कधी, डबे रुळावरून घसरले होते तेव्हासुद्धा नाही.

संध्याकाळी घरी आणलं. म्हणाली, "आज ऑक्सिजनवर छान डोळा लागला. वाटलं, आता कुठे जायचंच नाहीये." गुंगीत माणूस काहीही बोलतं.

मंगळवार, १६ डिसेंबर

निघालो ५.१०. पोचलो ९.३५. शंभर किलोमीटरला चार तास पंचवीस मिनिटं. मशीन मिळालं. ही एवढी एक ओळ लिहायला मिळावी म्हणून काय काय झालं ते आता लिहितो.

धुकं असं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. खिडकीतून डोकं काढून रस्त्याची कड बघत चालवत होतो. दतिया मागे टाकलं आणि मागे एकदम ब्रेकची किंकाळी. वळून बघतो तर ट्रकचं थोबाड आमच्या मागच्या काचेपासून हातभर. ड्रायव्हर खाली उतरला, माझ्या खिडकीशी आला. "ओ कक्का, पाछें बत्ती नइयां तुमाई गाड़ी में। मरबे को सौक है का?"

मी हात जोडले. तो शिव्या पुटपुटत गेला. मी पुन्हा गिअर टाकला, तर मागच्या सीटवर अनुसूया हसत होती. कित्येक आठवड्यांत ती हसली नव्हती. "कसं विचारलं हो त्यानं," म्हणाली. "आणि उत्तराला थांबलाच नाही."

मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

आज मागचे दिवे उघडले. डाव्या होल्डरला गंज, बल्ब आहे पण लागत नाही. उजवा लागतो तो उदबत्तीच्या टोकाएवढा. वरच्या लाल प्लास्टिकच्या काचा उन्हाने गुलाबी पडल्यात. इथल्या, झाशीतल्याच दतिया गेटचा हरप्रसाद मिस्त्री येऊन बघून गेला. "पूरी वायरिंग सड़ गई, बाबूजी। नई डलेगी। दस दिन गाड़ी छोड़ दो।"

परवा शुक्रवार आहे. दहा दिवस कुठून आणू?

मी स्वतः करणार. ज्या माणसाने आयुष्यभर शेवटच्या डब्याचा लाल दिवा सांभाळला त्याला फियाटचे दोन दिवे लावता येऊ नयेत? आमच्यात नियम साधा होता. शेवटच्या डब्यावर दिवा नसेल तर गाडी पूर्ण आली असं स्टेशन मास्तर मानत नाही. आणि लाल दिसला की मागचा थांबतो. मेल असो, माल असो, लाटसाहेब असो, थांबतो. माझ्या मागून कुणी येऊन आदळलं असं चौतीस वर्षांत एकदाही झालं नाही.

अंगणात कामाला बसलो. अनुसूया दारात खुर्ची टाकून बघत होती. म्हणाली, "एवढा खटाटोप करता, त्यापेक्षा बसा ना जरा माझ्याजवळ."

म्हटलं, बसून दिवे लागत नाहीत.

गुरुवार, १८ डिसेंबर

गंज रेगमालच्या खरखरीत कागदाने घासला, नवी तार ओढली, पाच वॅटच्या बल्बच्या जागी एकवीस वॅटचे घातले. मागची भिंत लालभडक झाली. अनुसूयाला हाक मारून दाखवलं. आत जाऊन हात धुऊन येतो तर प्लास्टिक जळाल्याचा वास. दोन्ही काचा वितळून खाली ओघळल्या होत्या.

दुकानात या जुन्या मॉडेलच्या काचा नाहीत. कानपूरहून मागवाव्या लागतील, आठवडा लागेल म्हणाला.

उद्या पाचला निघायचं आहे आणि होते तेवढेही दिवे मी घालवले. अंगणात बसून रडलो. लिहायला लाज वाटते, पण जर्नलमध्ये खोटं लिहायचं नसतं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

हातातल्या बॅटरीला, टॉर्चला, मिठाईच्या खोक्यावरचा लाल कागद गुंडाळला आणि ती बंपरला सुतळीने बांधली. अनुसूयाला मागच्या सीटवर उलटं बसवलं, मागच्या काचेकडे तोंड करून. कुणी दिसलं की सांग, मी बाजूला घेईन. आजारी बायकोला गार्ड केलं मी.

दतियापर्यंत तिने इमानाने सांगितलं. ट्रक आला. गेला. जीप आली. मग बराच वेळ आवाज नाही. मी विचारलं, "कुणी येतंय का?"

"बॅटरी विझली केव्हाच."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगून काय करणार होता? थांबला असता, घाबरला असता, पुन्हा निघाला असता." मग म्हणाली, "बाहेर कापसासारखं पांढरं आहे सगळं. शांत वाटतंय बघायला."

तिथून पुढचे दोन तास मी मान वळवून वळवून मागे बघत चालवली. ९.५० ला पोचलो. मशीन मिळालं. आता पुन्हा असं नाही. असंच चाललं तर मीच एखाद दिवशी हिला मारीन.

रविवार, २१ डिसेंबर

काल आणि आज मिळून बावीस तास काम. मानिक चौकात पाट्या करणाऱ्याकडून लाल अॅक्रिलिकचा पत्रा आणला, तीन मिलिमीटर जाडीचा, वितळायचं नाव नाही. बिस्किटांचे दोन डबे कापून त्यांचे खण केले. आतून चकचकीत पत्रा, म्हणजे प्रकाश वाया जात नाही. एकेका खणात दोन-दोन बल्ब. वर गरम हवा जायला भोकं, खाली पाणी जायला भोकं, कडांना पुट्टी. बोटं कापली आहेत, लेखणी नीट धरता येत नाही.

आबासाहेब बघायला आले. चष्मा वर करून म्हणाले, "विश्वंभरराव, ही फियाट राहिली कुठे? ही तर माता का जगराता झाली." बोलू देत. देवीच्या जागरणाच्या मांडवासारखी झालर लावली असती तरी चाललं असतं मला, माणूस पोचला पाहिजे.

अनुसूयाने दुपारी ट्रंक उघडून पैठण्या काढल्या आणि बकुळाच्या नावाची चिठ्ठी एकीवर टाचली. भोपाळात राहणाऱ्या मुलीला पैठणी कधी नेसायची असते? थंडीत ट्रंक उपसून बसू नको म्हटलं. धूळ बाधते तिला.

सोमवार, २२ डिसेंबर

चार बल्बांचा करंट जुन्या बटणाला पेलेना. दहा मिनिटांत डॅशबोर्डातून धूर. हरप्रसादकडून रिले आणला. आता बटणाने फक्त हुकूम सोडायचा, करंट रिलेतून जातो. फ्यूज वेगळा घातला. दोन तास जाळून ठेवले. पत्रा गरम होतो, पण हात ठेवता येतो. गल्लीच्या टोकाशी जाऊन बघितलं. डोळे दिपतात.

मंगळवार, २३ डिसेंबर

निघालो ५.०५. पोचलो ८.५०.

काय सांगू. झाशी सोडली तेव्हा मागे एक गाडी होती. दतियापर्यंत पाच झाल्या. कुणी ओव्हरटेक करेना, कुणी हॉर्न वाजवेना. सगळ्या ठरावीक अंतर ठेवून मागे. पुढे टपरीवर अनुसूयाला चहा द्यावा म्हणून रस्ता सोडून आवारात घेतली, तर मागच्या सगळ्या गाड्या एकापाठोपाठ आवारात! अकरा मोजल्या मी. टपरीवाला ओरडत बाहेर आला, इतकी गिऱ्हाइकं त्याने जन्मात पाहिली नव्हती. माझ्या लगेच मागे दुधाचा टेम्पो होता. त्याचा ड्रायव्हर उतरून डोकं खाजवत म्हणाला, "हम समझे सड़क इतई खों मुड़ी है। बाबूजी, बत्ती बढ़िया लगाई। हम तो आँख मूँद कें पाछें चले आए।"

त्याचं नाव हल्के. दतियाकडच्या खेड्यांतून दूध गोळा करून ग्वाल्हेरला नेतो, रोज याच वेळी. सगळे हसले. मीही हसलो. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. अनुसूयाला त्याने लोटीभर दूध आणून दिलं. तिला दूध चालत नाही, पण तिने घेतलं, ओठाला लावलं.

कित्येक दिवसांनी माझा ऊर भरून आला. माझ्या मागे अकरा गाड्यांची रांग, आणि रांगेत सगळी माणसं सुखरूप.

बुधवार, २४ डिसेंबर

हरप्रसादला कालची गंमत सांगितली. तो हसला नाही. "जे ठीक नइयां, बाबूजी। कोहरे में आदमी सड़क नईं देखत, अगले की बत्ती देखत। बत्ती जितै जै, बौ उतै जै।"

बत्ती जाईल तिकडे मागचा जाणार, म्हणे. मेकॅनिक लोकांना दुसऱ्याने केलेलं काम कधी पटत नाही.

शुक्रवार, २६ डिसेंबर

निघालो ५.०५, पोचलो ८.५५. मागे नऊ. दतियाच्या पुढे हल्के वाट बघत उभाच होता, आम्ही दिसल्यावर मागे लागला. मशीन मिळालं.

परतताना अनुसूया म्हणाली, "सुई टोचायला आता जागा शोधावी लागते त्यांना." हात बघितला. मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा. मी म्हटलं, पुढच्या वेळी दुसऱ्या नर्सला सांगू. तिने बाही खाली ओढली.

शुक्रवार, २ जानेवारी १९९८

निघालो ५.०५. नव्या दिव्यांवर, परवाचा मंगळवार धरून, हा चौथा सुखरूप फेरा. पोचलो ८.४५. डाव्या खणातला एक बल्ब गेला होता, जाताना बदलला.

काल बकुळाचा फोन आला. ती आईशी अर्धा तास बोलली, मग रिसीव्हर माझ्याकडे. तिला मराठी कळतं, पण तोंडात हिंदीच येते. "पापा, मम्मी बहुत थक गई हैं।" म्हटलं, थकणारच, आजार आहे. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. रडत असावी. दूर राहणाऱ्या मुलींना काळजी जास्त वाटते. तिला मी दिव्यांचं सगळं समजावून सांगितलं, काळजी कमी व्हावी म्हणून.

मंगळवार, ६ जानेवारी

मिनिटांसकट लिहितो.

५.०५ निघालो. आजच्याइतकं धुकं या हिवाळ्यात पडलं नव्हतं. ६.४० ला दतियाच्या पुढे हल्के मागे लागला. त्याच्या मागे आणखी चार-पाच.

७.१५ च्या सुमाराला अनुसूया म्हणाली, "अहो, थांबवा. उलटी होतेय." मी ताबडतोब डावीकडे घेतली. अर्धी गाडी रस्त्यावर, अर्धी कच्च्यावर. पुढे खड्डा होता. इंजिन बंद केलं. दिवे चालू ठेवले. मुद्दाम चालू ठेवले. उभ्या गाडीचा मागचा दिवा विझवायचा नसतो, हे माझ्या हाडात आहे. मागचा लाल बघेल आणि थांबेल.

पाण्याची बाटली घेऊन तिच्या दाराशी गेलो, तिला उतरवलं, हाताला धरून दहा-बारा पावलं शेताच्या कडेला नेलं. ती वाकली. आणि हल्केचा टेम्पो आला.

ब्रेकचा आवाज आलाच नाही. तो माझ्या दिव्यांकडे बघत नेहमीच्या वेगाने येत होता, पुढचा चालतोय या भरवशावर. त्याला दिवे दिसत होते, ते उभे आहेत हे दिसत नव्हतं. धाडकन आवाज, मग डबे आपटत गेले. रस्ताभर दूध.

मी जागेवर खिळलो. काय करायचं ते मला चौतीस वर्षं ठाऊक आहे: गाडी मध्ये अडली तर गार्डने रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके घेऊन मागे चालत जायचं, मागच्याला अडवायचं. थांबलो त्या क्षणी मी मागे जायला हवं होतं. बत्तीवर विसंबून मी गेलो नाही. आणि आता आठवूनही माझे पाय उचलत नव्हते. अनुसूया ओरडली, "ती बत्ती बंद करा आधी! बाकीचे येतायत!" तिला कळलं, मला नाही. डावा खण चेपला होता. उजवा अजून जळत होता, तसाच, डोळे दिपवणारा. आत हात घालून बटण दाबलं आणि मागे पळत सुटलो. हात वर करून, ओरडत. पहिल्या जीपने मला बघून ब्रेक मारला. मागच्या सगळ्या थांबल्या.

परत आलो तेव्हा अनुसूया टेम्पोच्या दाराशी उभी होती. हल्केचे पाय स्टिअरिंगखाली अडकले होते. तिने त्याचं डोकं हातात धरलं होतं आणि त्याच्याशी बुंदेलीत बोलत होती, लहानपणी मोलकरणींशी बोलायची तसं. मला त्यातलं सगळं समजलं नाही. पाऊण तास लागला त्याला काढायला. तेवढा वेळ ती उभी होती. जिना चढताना जिला दोनदा बसावं लागतं, ती.

जीपवाल्याने आम्हा तिघांना ग्वाल्हेरला आणलं. मशीन दोन वाजता मिळालं. अनुसूया त्यावर पडून राहिली. पोलीस शिपाई कागद घेऊन आला. मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "पीछे की बत्ती जल रही थी?" म्हटलं, जल रही थी. "तो आपका कोई दोष नहीं," म्हणाला आणि तसं लिहू लागला. मी म्हटलं, भैया, तोच दोष आहे, ती जळत होती म्हणूनच तो आला. त्याने माझ्याकडे दयेने बघितलं आणि म्हणाला, "बाबूजी, आप सदमे में हैं।"

बुधवार, ७ जानेवारी

हल्केचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. आबासाहेबांनी फोनवरून कळवलं.

अनुसूयाला सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मला उलटी होत नव्हती."

मला समजलं नाही.

"खोटं बोलले मी. थांबवा आणि परत फिरवा, असं म्हणायचं होतं. आता बस, मला नाही जायचं मशीनवर, असं. तोंडातून निघेना. तुमची ती पाठ, ते मान पुढे काढून चालवणं बघितलं आणि निघेना. म्हणून उलटी म्हटलं. वाटलं, खाली उतरून सांगेन."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणालो, "आधी सांगितलं असतंस तर त्या पोराचा पाय वाचला असता."

हे मी बोललो. माझ्या बायकोला. जिच्या हातावर सुयांचे डाग आहेत त्या बायकोला.

ती चिडली नाही. म्हणाली, "हो. तेच म्हणतेय मी. पाप माझं आहे."

मग मी म्हणालो, नाही, दिवा माझा होता. ती म्हणाली, थांबवलं मी. दुपारभर आम्ही भांडलो, पाप कुणाचं यावर, आणि दोघंही स्वतःच्या बाजूला ओढत होतो. शेवटी ती दमली. म्हणाली, "मी तुम्हाला किती वेळा सांगितलं हो. तुम्ही प्रत्येक वेळी उठून दिवा दुरुस्त करायला गेलात."

संध्याकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचली. सगळं मीच माझ्या हाताने लिहून ठेवलंय. तिने सांगितलेलं सगळं. मला ते वाचताही आलं नव्हतं.

शुक्रवार, ९ जानेवारी

धुकं विरळ होतं. आगगाडीने गेलो. अनुसूयानेच म्हटलं, हल्केला बघायला जायचं. तिने त्याच्यासाठी बेसनाचे लाडू केले होते, बसून बसून, काल दिवसभर.

वॉर्डात त्याची बायको उशाशी होती. पायावरची चादर एका बाजूला सपाट. मी त्याच्यापुढे हात जोडले, माफी मागायला तोंड उघडलं. हल्केच म्हणाला, "बाबूजी, बत्ती तो तुमाई अच्छी हती। गलती हमाई। हमने सोची, बाबूजी चल रये।"

दुसरं काहीही म्हटलं असतं तरी सोसलं असतं. मी बाहेर आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. इतका एकटा मी कधी पडलो नव्हतो. अनुसूया बराच वेळ आत होती. निघताना हल्केच्या बायकोने तिला वाकून नमस्कार केला. आमच्यामुळेच नवऱ्याचा पाय गेला हे त्या पोरीला माहीत होतं, तरी केला.

मग आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. शुक्रवार होता, दहा वाजत आले होते, पाय तिकडे वळले. मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या बाकावर एक जोडपं होतं, वाटेवरच्या डबरा गावाकडचं असावं. नवऱ्याचा चेहरा सुजून गोल झालेला, श्वास तोंडाने. अनुसूया माझ्या कानाशी म्हणाली, "हे दोघं तीन आठवडे येतायत. कुणी आलं नाही तर नंबर लागेल म्हणून बसून राहतात आणि संध्याकाळी परत जातात." मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. मी नेहमी दाराकडे बघत असायचो.

नर्स दारात आली. "अनुसूया देवी, मशीन तैयार है।"

अनुसूया उठली नाही. तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. म्हणाली, "तुम्ही सांगा. माझ्याच्यानं होत नाही. त्या दिवशीसुद्धा झालं नाही."

नर्सने पुन्हा नाव घेतलं. मला ओरडावंसं वाटलं, की नाही, चल, उठ, अजून एक फेरा, मी दिवे नव्याने करतो, मी तुला पाठीवर घेऊन येतो, पण असं अर्ध्यात नको. चाळीस वर्षं तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि आता मागितलं ते हे.

मी उठलो. नर्सला म्हटलं, "ये नहीं आएँगी। आगे से भी नहीं। इनको ले लीजिए।"

समोरच्या बाईला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने घाईघाईने नवऱ्याला उठवलं, त्याच्या काखेत हात घातला. आमच्यासमोरून जाताना थांबली, आणि एका हाताने त्याला सावरत दुसऱ्या हाताने माझ्या पायांना शिवली. "भगवान तुमाओ भलो करै, बाबूजी," म्हणाली, आणि नवऱ्याला आत घेऊन गेली.

मी तिला आशीर्वाद दिला.